सजीव सृष्टीची इंजिनियरी

इंजिनियर हा शब्द आपल्याकडे घरोघरीं रुळून शंभरावर वर्षें होऊन गेलीं. त्याबरोबर मनांत उभें राहणारें चित्रहि ठरून गेलें आहे : नदीवरील पूल, धरणाची भिंत, गिरणीचें चाक, विजेचा खांब आणि अलीकडे संगणकाचा पडदा. दगड, लोखंड, तांबें हा त्याचा माल. तो आज जसा आहे तसाच उद्यां राहतो, मोजला तर माप देतो, आणि चुकला तर पुन्हां वितळवून ओततां येतो. परंतु ज्या इंजिनियराच्या हातीं रक्त, हाड, जंतु, किण्व किंवा वनस्पतीचा तंतु येतो, त्याची गोष्ट निराळी. त्याचा माल श्वास घेतो, वाढतो, सडतो, मरतो, आणि एकासारखा दुसरा कधीं असत नाहीं. अशा मालाचें माप घेऊन त्याच्या भरंवशावर कांहीं उभारण्याचें जें शास्त्र, त्याला विद्यापीठांतून जैविक अभियांत्रिकी असें नांव मिळालें आहे.

बारावीनंतर ज्या घरांतून या विषयाची चौकशी होते, तेथें पहिला गोंधळ नांवांचाच होतो. एका कॉलेजाच्या माहितीपत्रकांत बायोमेडिकल इंजिनियरिंग असतें, दुसऱ्याच्या बायोटेक्नॉलॉजी, तिसऱ्याच्या बायोलॉजिकल इंजिनियरिंग. ढोबळ मानानें भेद असा : शरीराची तपासणी किंवा दुरुस्ती करणारीं उपकरणें बनविणें आणि राखणें हें पहिल्याचें क्षेत्र, जंतु आणि पेशी यांना कामाला लावून औषध, लस, मद्यार्क किंवा विकरें तयार करून घेणें हें दुसऱ्याचें, आणि या दोहोंच्या मुळाशीं असलेलें गणित व पदार्थविज्ञान एकत्र शिकविणें हा तिसऱ्याचा हेतु. तिघांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या आहेत. पाटीवरील नांवावरून आंतील शिक्षण ओळखतां येईल अशी खात्री मात्र कोणीं बाळगूं नये.

हें शास्त्र प्रत्यक्षांत काय करतें हें पाहण्यासाठीं मुंबई-पुण्याकडे न जातां महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे जावें. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा झाला. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या नद्यांच्या कांठचा हा मुलूख. बहुतेक भाग साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या जंगलाखालीं. पावसाळ्यांत नाले भरले कीं कित्येक गांवांची वाट बंद होते. येथें १९८६ सालीं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं 'सर्च' या संस्थेचें काम सुरू केलें. गांवोगांवच्या बालमृत्यूंची नोंद होऊं लागली तेव्हां असें दिसून आलें कीं त्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वांटा फार मोठा आहे.

न्यूमोनिया ओळखावयाचा कसा? शहरांत डॉक्टर छातीला नळी लावतो, क्ष-किरणांचें छायाचित्र काढवितो. जंगलांतल्या खेड्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. परंतु शरीर स्वतःच एक खूण देतें. फुप्फुसाला सूज आली म्हणजे तें ताठ होतें. ताठ झालेला भाता पुरा फुगत नाहीं. म्हणून बाळ उथळ आणि भराभर श्वास घेऊं लागतें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचा ५० किंवा अधिक असला, तर न्यूमोनियाचा संशय धरावा असें वैद्यक सांगतें. म्हणजे रोगाचें निदान केवळ मोजण्यावर आलें. पण मोजणार कोण? बाळाजवळ जी सुईण आहे तिला अक्षरओळख नाहीं, तिच्याजवळ घड्याळ नाहीं, आणि दहा-बारापुढें तिची मोजणी जात नाहीं.

या अडचणीवर काढलेली तोड मोठी सुंदर आहे. बंग दांपत्यानें एक साधें श्वासमापक तयार केलें. त्यांत एक मिनिटांत रिकामें होणारें वाळूचें घड्याळ आणि मुलाच्या वयाप्रमाणें मण्यांच्या वेगवेगळ्या ओळी, लहान मुलांच्या मणिपाटीसारख्या. घड्याळ उलटें करावयाचें आणि बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजावयाचे. दहा झाले कीं एक मणी सरकवावयाचा आणि पुन्हां एकापासून सुरुवात करावयाची. वाळू संपण्याच्या आंत तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचें. सुइणीला पन्नास म्हणजे किती हें ठाऊक असण्याची गरजच उरली नाहीं. तें ज्ञान मण्यांत बसविलें गेलें.

बंग हे दोघे डॉक्टर आहेत, इंजिनियर नव्हेत, असा आक्षेप येथें कोणी घेईल. पदव्यांच्या दृष्टीनें तो बरोबर आहे. कृतीच्या दृष्टीनें पाहतां त्यांनीं जें केलें तें अस्सल अभियांत्रिकीचें काम आहे : रोग्याच्या शरीरांतील कोणती राशि मोजावयाची तें ठरविणें, मोजणाराच्या अंगीं काय आहे आणि काय नाहीं याचें आधीं माप घेणें, आणि मग वीज, बॅटरी, वाचन या तिन्हींवांचून चालेल असें साधन घडविणें. पुष्कळ मोठ्या कंपन्यांचीं उपकरणें यांतल्या मधल्या पायरीवर घसरतात. त्यांची परीक्षा वातानुकूलित खोलींत झालेली असते, आणि वापर व्हावयाचा असतो ओल धरणाऱ्या, वीज जाणाऱ्या दवाखान्यांत.

अर्थात् मुलें वांचलीं तीं मण्यांनीं नव्हेत, तीं जंतुनाशक औषधानें आणि तें वेळेवर देणाऱ्या माणसांनीं वांचलीं. पण औषध कोणाला द्यावयाचें हें ठरल्यावांचून तें देतां आलें नसतें. या कामाचा निष्कर्ष १९९० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या गांवांत गांवचेच आरोग्यसेवक आणि सुइणी न्यूमोनियावर उपचार करीत होत्या, तेथें उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.८ होतें, ज्या गांवांत ही व्यवस्था नव्हती तेथें तें शेंकडा १३.५ होतें. पुढें नवजात अर्भकांकडे लक्ष वळलें. वजनाचा स्प्रिंगचा कांटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी शिवलेली पिशवी, आणि जन्मतःच श्वास न घेणाऱ्या बाळाच्या तोंडावर धरून हवा देण्याचा पिशवी जोडलेला मुखवटा, एवढें साहित्य गांवांतल्या शिकविलेल्या स्त्रीच्या हातीं देण्यांत आलें. ३९ गांवांतील या प्रयोगानें तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं कमी झाले. तो वृत्तांत १९९९ सालीं त्याच नियतकालिकांत आला. २०११ पासून घरोघरीं जाऊन नवजाताची काळजी घेण्याचें काम देशभरांतील 'आशा' सेविकांकडे आलें, त्याच्या मुळाशीं हा अनुभव आहे.

दुसरें उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्याजवळचें. तेथें बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं आनंदवन वसविलें. कुष्ठरोगानें पाय झडतो असा समज फार दिवस होता. खरें पाहतां रोग मज्जातंतूंना बधिर करतो. निरोगी माणसाला खडा टोंचला तर तो पाऊल बदलतो; बधिर पावलाला खडा, खिळा, जास्त भार यांपैकीं कांहींच कळत नाहीं, आणि चालतां चालतां त्याच जागीं जखम होऊन ती चिघळते. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं या पावलांवर पडणारा भार अभ्यासिला आणि सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेल्या पादत्राणांचा पुरस्कार केला. भार तोच, परंतु तो अधिक क्षेत्रावर पसरला कीं दाब कमी होतो. शाळेंतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतला हा नियम येथें एखाद्याचें पाऊल वांचवितो. वेदना ही शरीराची सूचक घंटा. ती बंद पडली तर तिचें काम चपलेनें करावयाचें. अशा तऱ्हेचा विचार करण्याची संवय लावणें हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

आतां त्या अभ्यासक्रमाकडे वळूं. चार वर्षांच्या पदवींत पहिलें वर्ष इतर इंजिनियरांसारखेंच जातें : गणित, पदार्थविज्ञान, रसायन, रेखन, संगणकाची भाषा. नंतर शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकता हे विषय येतात. आणि त्यांच्या जोडीला उष्णतेचें वहन, द्रवाची गति, विद्युत्संकेतांचें पृथक्करण, यंत्राचें नियंत्रण हेहि येतात. प्राणिशास्त्राची आवड आहे पण गणिताचा कंटाळा आहे, म्हणून या विषयाकडे येणारे विद्यार्थी पुष्कळ. त्यांची दुसऱ्याच वर्षीं निराशा होते. हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या आलेखांतून खरा संकेत कोणता आणि विजेच्या तारेची कुरकुर कोणती हें निवडणें, हें सारें गणितच आहे.

गणित कोठें लागतें याचें एक घरगुती उदाहरण घ्यावें. आंबोळीचें पीठ पातेल्यांत आंबतें तेव्हां त्यांत उष्णता उत्पन्न होते याकडे गृहिणीचें लक्षहि जात नाहीं. ती पातेल्याच्या कडांतून निघून जाते. आतां कारखान्यासाठीं तेंच भांडें लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत दहापट मोठें केलें असें समजा. आंतला माल हजारपट होतो, परंतु बाहेरची भिंत केवळ शंभरपट होते. उष्णता हजारपट उत्पन्न होणार आणि बाहेर पडण्यास वाट मात्र शंभरपट. किण्व स्वतःच्याच उष्णतेनें मरूं लागतें. शिवाय ज्या जंतूंना प्राणवायु लागतो त्यांची आणखी पंचाईत. कारण एक लिटर पाण्यांत साध्या तपमानास प्राणवायु विरघळतो तो अवघा आठ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दाट वाढलेले जंतु तो बघतां बघतां संपवितात. म्हणून थंड पाण्याचीं वेटोळीं, हवेचे फवारे, ढवळणारीं पातीं, आणि तीं किती वेगानें फिरवावीं याचे हिशेब. प्रयोगशाळेंतील चंबूंत जें साधलें तें हजार लिटरांच्या टाकींत साधून दाखविणें हेंच या शाखेंतील पुष्कळांचें आयुष्यभराचें काम असतें.

मुंबईच्या जुन्या इतिहासांत याचा एक नमुना आहे. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन यांनीं अल्पावधींत त्यावर लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःला टोंचून घेतली. प्लेगचे जंतु मोठ्या प्रमाणावर वाढवावे कसे, हा प्रश्न होता. हाफकिननीं मांसरसाच्या चंबूंत वर तुपाचे थेंब तरंगत ठेविले. त्यांना धरून जंतूंच्या वसाहती गुहेंतील लोंबत्या चुनखडीप्रमाणें खालीं वाढूं लागल्या; चंबू हलविला कीं त्या तळाशीं पडत आणि नवी वाढ सुरू होई. आज पुण्याची १९६६ सालीं स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट पोलादी टाक्यांतून लसी काढते. तुपाची गरज उरलेली नाहीं, पण जंतूला तरंगतें ठेवून, पोसून, हवा देऊन वाढवावयाचें हें मूळ काम तेंच आहे.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांत या विद्येला माल कमी नाहीं. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे जमिनीवर पडतात आणि घरचीं सारीं माणसें तीं वेंचावयास बाहेर पडतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग साखरेचा असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत गिल्बर्ट फौलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोहफुलाच्या रसायनाचा अभ्यास १९२० सालीं प्रसिद्ध केला होता. म्हणजे हा विषय शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तरी अद्यापहि फुलें बहुधा उघड्या अंगणांत वाळतात, त्यांना माती लागते, अवकाळी पाऊस आला तर बुरशी धरते, आणि भाव पडतो. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळें मोह म्हटला कीं लोकांच्या मनांत एकच गोष्ट येते. परंतु सरबत, पाक, लाडू असे पदार्थ करावयाचे तरी फूल स्वच्छ वाळलें पाहिजे, त्यांतील ओलावा ठराविक प्रमाणाच्या खालीं आला पाहिजे, आणि तें सहा महिने टिकलें पाहिजे. सूर्याच्या उष्णतेवर चालणारें, एका कुटुंबाला परवडणारें आणि पाड्यावरच दुरुस्त होणारें वाळवणयंत्र, हा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला शोभेल असा विषय आहे. शहरांतील विद्यार्थी मात्र बहुधा अमेरिकेंतील एखाद्या प्रबंधांतून विषय उचलतात.

बांबूचेंहि तसेंच. बल्लारपूरचा कागदाचा कारखाना १९४५ सालच्या कंपनीपासूनचा. या जंगलांतील बांबू दीर्घकाळ त्याच्या लगद्यांत गेला. लगदा पांढरा करण्यास क्लोरिनयुक्त रसायनें लागतात आणि तीं पुढें नदींत जातात. जंतूंपासून मिळणारें झायलनेज नांवाचें विकर आधीं वापरलें तर तीं रसायनें कमी पुरतात, ही रीति कागदधंद्यांत आतां चांगली माहीत झालेली आहे. दुसऱ्या बाजूला बांबू कोणाचा हा प्रश्नहि बदलला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास वनहक्क कायद्याखालीं जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूचे वाहतूक-परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या गांवाकडे स्वतःचा बांबू आहे त्याला तो कीड न लागतां टिकविण्याची विद्या हवी असते, आणि तीहि याच शास्त्राची एक फांदी आहे. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनें मँगनीजच्या खाणींतून निघालेल्या उजाड मातीच्या ढिगांवर उपयुक्त जंतु आणि मुळांशीं राहणारी बुरशी यांच्या साह्यानें झाडें वाढवून दाखविलीं आहेत. कोळशाच्या खाणींनीं वेढलेल्या चंद्रपुरास त्या विद्येचें काम पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतकें आहे.

परंतु या भागापुढील सर्वांत गहन प्रश्न रक्तांतला आहे. सिकल सेल हा आनुवंशिक रोग मध्य भारतांतील अनेक जमातींत आणि जातींत आढळतो. गडचिरोली आणि चंद्रपूर हे त्याचे प्रदेश आहेत. रक्तांतील तांबड्या पेशींत प्राणवायु वाहणारें हिमोग्लोबिन असतें. त्याच्या बीटा नांवाच्या साखळींत १४६ मणी. त्यांपैकीं सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा असावयास पाहिजे, तेथें व्हॅलिनचा असतो. एवढ्या एका फरकानें प्राणवायु कमी होतांच हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून दोर बनतात, आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वांकडी होते. ती बारीक रक्तवाहिनींत अडकते. मग असह्य वेदना, रक्तक्षय, पुनः पुन्हां ताप. लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं याला रेणूचा रोग म्हटलें. हिमोग्लोबिनमधला नेमका फरक व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६ सालीं शोधून काढला.

या एका रोगांत जैविक अभियांत्रिकीच्या किती शाखांना काम आहे पाहा. पहिली पायरी शोधण्याची. रक्ताचा थेंब एका द्रावणांत टाकला, कीं सदोष हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होतें आणि नळीमागें धरलेल्या रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त आहे, पण रोगी कोण आणि केवळ वाहक कोण हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं विजेच्या क्षेत्रांत हिमोग्लोबिन वेगळें करणारें किंवा तत्सम दुसरें यंत्र लागतें. हा भेद लहान नव्हे. आईबाप दोघेहि वाहक असले तर प्रत्येक अपत्याला रोग असण्याचा संभव चारांत एक असतो, आणि लग्न जुळवितांना ती माहिती घरांत असणें-नसणें यांत एका मुलाच्या आयुष्याचा फरक पडतो. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटि लोकांची तपासणी हें तिचें उद्दिष्ट आहे. इतक्या लोकांची तपासणी मोठ्या यंत्राजवळ माणूस नेऊन होणार नाहीं, यंत्रच लहान होऊन पाड्यावर यावें लागेल.

दुसरी पायरी उपचाराची. हायड्रॉक्सियुरिया या गोळीनें अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात. त्यापुढें जाऊन जनुकांतच दुरुस्ती करण्याची विद्या आली. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंत अशा पहिल्या उपचारास परवानगी मिळाली; त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यांत आली. भामरागडच्या बापाला ती ऐकविणेंहि क्रूरपणाचें होईल. भारतांत दिल्लीच्या 'आय.जी.आय.बी.' या सरकारी संस्थेंत याच तऱ्हेची देशी पद्धति विकसित झाली. नोव्हेंबर २०२५ मध्यें 'बिरसा १०१' या नांवानें ती जाहीर झाली आणि तिच्या उत्पादनासाठीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशीं करार झाला. रोग्यांवरील चाचण्यांचे टप्पे ओलांडून ती सामान्य रुग्णालयांत यावयाची आहे. पेशी काढणें, शुद्ध राखणें, त्यांत दुरुस्ती करणें, परत देणें, आणि हें सर्व थोड्या खर्चांत शेंकडों रोग्यांसाठीं एकसारखें करणें, या प्रत्येक पायरीवर डॉक्टराइतकाच इंजिनियर लागतो.

आतां पालकांच्या मनांतला प्रश्न : नोकरीचें काय? याचें उत्तर गोड करून सांगण्यांत अर्थ नाहीं. नुसत्या पदवीवर संगणकाच्या पदवीधराइतका पगार आरंभीं बहुधा मिळत नाहीं, आणि चांगल्या कामासाठीं एम.टेक्. किंवा पीएच्.डी.पर्यंत जावें लागतें. कामें बहुतेक पुणें, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथें आहेत. लसी आणि औषधें, मद्यार्क आणि जैवइंधन, वैद्यकीय उपकरणांची निर्मिति, त्यांची चाचणी आणि नियमांनुसार मान्यता मिळविणें हीं मुख्य क्षेत्रें. शेवटचें क्षेत्र लोकांना फारसें ठाऊक नाहीं. वैद्यकीय उपकरणांसंबंधींचे नियम २०१७ सालीं होऊन पुढील वर्षापासून लागू झाल्यावर त्यांत माणसांची गरज वाढली आहे.

सरकारी रुग्णालयांत पडून असलेल्या यंत्रांचा विषय याहून कमी बोलला जातो. राष्ट्रीय आरोग्य अभियानानें यंत्रांची मोजदाद केली तेव्हां निरनिराळ्या राज्यांत शेंकडा १३ ते ३४ यंत्रें बंद आढळलीं, आणि २०१५ पासून त्यांच्या देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. कित्येकदां कारण क्षुल्लक असतें : विजेचा दाब वरखालीं होऊन एक भाग जळालेला, नळी बदलण्यास माणूस नाहीं, वापरणारीस शिकविलेलें नाहीं. चंद्रपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ सालीं आणि गडचिरोलीस २०२४ सालीं सुरू झालें. जेथें वैद्यकीय महाविद्यालय, तेथें श्वासयंत्रें, डायलिसिस, क्ष-किरण, रक्तपेढी. आणि जेथें तीं, तेथें तीं चालूं ठेवणारा जाणता माणूस हवाच. ज्या मुलाला किंवा मुलीला आपल्याच जिल्ह्यांत राहावयाचें आहे, त्यांच्या दृष्टीनें हा मार्ग सर्वांत जवळचा दिसतो.

शिक्षणाची वाट अशी. अकरावींत जीवशास्त्र घेतलें म्हणून गणित सोडूं नये. पुष्कळ घरांतून ही चूक होते आणि ती मागाहून निस्तरतां येत नाहीं. राज्यांतील अभियांत्रिकीच्या बहुतेक प्रवेशांसाठीं पदार्थविज्ञान, रसायन व गणित या गटाची सीईटी असते, आय.आय.टी.साठीं जे.ई.ई. मद्रासच्या आय.आय.टी.त जैविक अभियांत्रिकी याच नांवाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या आय.आय.टी.त या विषयाचा स्वतंत्र विभाग असून तेथें पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालतें. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेंत बायोप्रोसेस टेक्नॉलॉजीचें पदव्युत्तर शिक्षण आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या 'गेट' परीक्षेंत बायोटेक्नॉलॉजीचा पेपर पूर्वींपासून होता, बायोमेडिकलचा २०२० पासून आला. ज्यांना घर सोडतां येत नाहीं त्यांनीं बी.एस्सी.नंतर याकडे वळण्यास हरकत नाहीं. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झालें, आणि तेथील विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र स्थानिक वनोपजांवर काम करतें. अशा ठिकाणीं हात काळे करून आलेला विद्यार्थी पुढें एम.टेक्.च्या मुलाखतींत नुसत्या गुणपत्रिकेवाल्यापेक्षां उठून दिसतो.

कॉलेज निवडतांना इमारत आणि जाहिरात पाहण्यापेक्षां दोन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्या. विद्यार्थ्यांना एखाद्या रुग्णालयाच्या आंत, प्रत्यक्ष वॉर्डांत, यंत्रांजवळ उभें राहण्याची परवानगी आहे कीं नाहीं, हें एक. आणि प्रयोगशाळेंत जें किण्वनपात्र कांचेच्या दारामागें मांडून ठेविलेलें असतें, तें आंतून ओलें आहे कीं वर्षानुवर्षें कोरडें, हें दुसरें. शिपायाला विचारलें तर तो बहुधा खरें सांगतो.